चित्रकलेचा तास : नाक-डोळे नसलेला मी

परीक्षेच्या आधी वस्तुचित्राचे प्रश्न येतात, दिवाळीच्या आधी रांगोळीचे, पण या वेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवरचे निघाले, मिनिमलिस्ट सेल्फ पोर्ट्रेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आपलं स्वतःचंच चित्र असतं, फक्त त्यात नाक, डोळे, तोंड नसतं. केसांचा आकार, मान, खांदे, कपडे, सगळं सपाट रंगात, आणि तरी बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा अमुक आहे. शाळाशाळांत सध्या हे चाललेलं दिसतंय, म्हणून या अंकात फक्त याचेच प्रश्न घेतलेत. ज्यांचे बाकीचे प्रश्न राहिले त्यांनी राग मानू नका, पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आठवीच्या वर्गात 62 मुलं आणि तास 35 मिनिटांचा. हे चित्र घ्यायची खूप इच्छा आहे पण फोटो, प्रिंट, रंग, सगळं कसं जमवायचं? आणि मुलं नुसतं एकमेकांचं बघून काढतील अशी भीती वाटते.

सर, एका तासात नाही बसणार हे आधीच धरून चाला म्हणजे चिडचिड होणार नाही. दोन तास घ्या, पहिला बघायचा आणि गिरवायचा, दुसरा कापायचा आणि चिकटवायचा. आणि 62 मुलांना वॉटरकलर देऊ नका हो, पाणी आणण्यात आणि सांडलेलं पुसण्यात घंटा होते. रंगीत कागद बरा. घोटीव कागद, कार्डशीटचे उरलेले तुकडे, जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग, काहीही चालतं.

फोटो वर्गातच काढा, खिडकीजवळ, साध्या भिंतीसमोर, छातीपर्यंत. एक गोष्ट सांभाळा, मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. आपण मोठी माणसं उभ्याउभ्या वरून फोटो काढतो त्यात कपाळ मोठं येतं आणि मान गायब होते, आणि या चित्रात मान गेली की अर्धी ओळख गेली. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट चालेल. ए-फोर कागदावर चार चेहरे बसवले तर 62 मुलांची 16 पानं होतात, झेरॉक्सवाल्याकडे फार खर्च येत नाही.

आता खरी गंमत गिरवण्यात आहे आणि नेमकं तिथेच वर्ग अडकतो. केस काळ्या कागदाचे करायचे म्हटलं की काळ्यावर पेन्सिल दिसत नाही, मग मुलं कागदाच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर गिरवतात, कापतात, सुलटं करतात आणि भांग दुसऱ्याच बाजूला जातो. मग ‘मॅडम हा मी नाहीच’ म्हणून रडारड. उपाय सोपा आहे, झेरॉक्स कापून तिचाच साचा करायचा आणि मागच्या बाजूवर गिरवताना साचा पालथा ठेवायचा. काही मुलं तरीही म्हणतील की माझा भांग तर उजवीकडे असतो, फोटोत डावीकडे का. ती आरशातला भांग सांगत असतात, आरसा बाजू बदलून दाखवतो, फोटो तसं करत नाही. त्यावर पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या, ती वाया जात नाहीत.

तुकडे तीनच करा. केसांचा एक, चेहरा-कान-मान मिळून एक, कपड्यांचा एक. चेहऱ्याचा तुकडा कापताना वरच्या बाजूने, जिथे केस येणार आहेत तिथे, बोटभर जास्त ठेवायला सांगा, तसंच मानेला खालून. नाहीतर नेमकं कपाळाच्या वर पांढरी फट राहते आणि पोरगं स्केचपेनने ती भरत बसतं. चिकटवताना आधी चेहरा, मग त्याच्यावर कपडे म्हणजे कॉलर मानेवर येईल, शेवटी केस. कापताना कात्री जागच्या जागी आणि कागद फिरवायचा, हे आठवीतल्या मुलांनासुद्धा सांगावं लागतं.

ज्यांचा हात बरा आहे त्यांना साच्याशिवाय सरळ कात्रीने कापायला लावा. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस 1941 च्या मोठ्या ऑपरेशननंतर फार वेळ उभं राहून रंगवू शकत नव्हता, तेव्हा मदतनीस त्याला कागद रंगवून द्यायचे आणि तो आधी काही न काढता थेट कात्री चालवायचा. त्याच्या उतारवयातली कितीतरी गाजलेली कामं अशीच कापलेली आहेत. मुलांना हे सांगितलं की कात्री-कागदाला ती ‘कार्यानुभवाचं काम’ म्हणून नाक मुरडत नाहीत.

कॉपीची भीती म्हणाल तर नाव पुढे लिहू देऊ नका, मागे लिहायला लावा. दुसऱ्या तासाच्या शेवटी सगळी चित्रं मिसळा आणि एकेक उचलून वर्गालाच विचारा कोण आहे हा. ज्याचं ओळखू येत नाही त्याला मार्क कापू नका, फक्त फोटो आणि चित्र शेजारी ठेवून विचारा की फोटोत काय आहे जे इथे नाहीये. बहुतेक वेळा उत्तर कान किंवा मान निघतं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहावीत आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. तिने शाळेत असं डोळे नसलेलं स्वतःचं चित्र काढून आणलं आणि भिंतीवर लावलं, तर आमच्या सासूबाईंनी ते काढून टाकायला लावलं, म्हणे असं चित्र घरात बरं नाही, भुतासारखं दिसतं. मलाही खरं सांगायचं तर प्रश्न पडलाय, ही कला आहे की शाळेने काम वाचवलंय?

सासूबाईंचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, चेहरा म्हटलं की आपण आधी डोळे शोधतो, आणि ते नसले की कसंतरी होतंच. पण त्यांना एक काम सांगा, खाली उतरून सोसायटीतल्या गाड्या बघायला लावा. एखाद्या तरी काचेवर महाराजांचं स्टिकर असेल. जिरेटोप, नाकाची रेष, दाढी, संपलं, डोळा धड काढलेलाही नसतो बऱ्याचदा, तरी महाराष्ट्रातलं चार वर्षांचं पोर सांगेल हे कोण आहेत ते. बाबासाहेबांचं बघा, कोट आणि चष्मा एवढ्या आउटलाइनवर ओळखू येतात. आणि पर्समधली नवी दहाची नोट काढा, मागच्या बाजूला स्वच्छ भारतचा लोगो आहे, नुसता चष्मा, ना डोकं ना कान. तरी तो गांधीजींचा आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे हे आपल्या डोळ्यांसमोर रोज आहे, फक्त त्याला मिनिमलिस्ट म्हणायची आपल्याला सवय नाही.

काम वाचवलंय का, तर नाही. नंदलाल बोसांनी दांडीयात्रेच्या वर्षी, 1930 मध्ये, गांधीजींचं लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून घेतलेला छाप, केलं, काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे टाकलेला पाय. त्यात एक रेष इकडची तिकडे झाली असती तर तो कुणीही म्हातारा झाला असता. भरपूर तपशील असलेल्या चित्रात चूक लपते, कमी रेषांच्या चित्रात लपायला जागाच नसते. मालेविच नावाच्या रशियन चित्रकाराने तर 1920 च्या दशकाच्या शेवटीशेवटी बिनचेहऱ्याच्या शेतकऱ्यांची चित्रंच्या चित्रं काढली, ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि आपल्याकडे बडोद्याला 1972 पासून शेवटपर्यंत शिकवत राहिलेल्या नसरीन मोहम्मदी, त्यांनी तर माणूसच काढला नाही, शाई-पेन्सिलच्या बारीक रेषा फक्त, आणि त्या रेषांसमोर लोक तासन् तास उभे राहतात. (मला स्वतःला त्यांची चित्रं समजायला वेळ लागला, आवडायला नाही लागला.)

पण तुमच्या शंकेत एक गोष्ट बरोबर आहे. शाळेने जर मुलीला नुसतं सांगितलं असेल की डोळे काढू नका, रंग भरा, झालं, तर ते खरंच काम वाचवणं आहे. तिला विचारा की तू डोळे काढले नाहीस तर त्याऐवजी काय ठेवलंस. तिच्याकडे उत्तर असेल, ‘माझा हेअरबँड’ किंवा ‘मी मान अशी तिरकी करते ना’, तर चित्र जमलंय. ते परत लावा. सासूबाईंच्या खोलीत नका लावू एवढंच.

प्रश्न : नमस्कार. मी मुंब्र्याला महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्या बऱ्याच पालकांना मुलांचे, विशेषतः मुलींचे फोटो काढलेले आवडत नाहीत, आणि प्रिंटचा खर्चही आम्हाला जमत नाही. फोटोशिवाय हे करता येईल का?

येईल की, आणि माझं मत विचाराल तर जास्त चांगलं येईल. पालकांचं म्हणणंही रास्त आहे, 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, तेव्हा कुणी नको म्हटलं तर आग्रह करूच नये.

सावली घ्या. 1839 मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली, त्याच्या आधी युरोपात ज्यांना मोठ्या चित्रकाराकडून पोर्ट्रेट करून घेणं परवडत नसे ते लोक हेच करायचे, दिव्यासमोर बाजूने बसायचं, मागच्या कागदावर पडलेली सावली दुसऱ्याने गिरवायची, काळ्या कागदातून कापायची. आपल्याला दिवा म्हणून एका मोबाइलचा टॉर्च पुरतो, कॅमेरा उघडायचीसुद्धा गरज नाही. भिंतीवर चार्टपेपर लावा, मुलीला भिंतीजवळ बाजूने बसवा, डोकं कागदापासून साधारण एक फूट, आणि टॉर्च डोक्यापासून दहा फूट लांब, डोक्याच्याच उंचीवर, एखाद्या बाकावर पुस्तकं रचून. असं केलं की सावली खऱ्या डोक्यापेक्षा जेमतेम दहा टक्के मोठी पडते. टॉर्च तीन फुटांवर आणला तर तीच सावली एक तृतीयांशाने फुगते आणि नाक कागदाबाहेर जातं. ट्यूबलाइट बंद ठेवा, ती लांबलचक असल्यामुळे कडा पुसट होते, टॉर्चची कडा रेखीव येते. पडदे नसतील तर खिडकीला चादर लावा, पावसाळ्यातला अंधारा दिवस असेल तर तीही नको.

बसणारी हलते, हसते, गिरवणारी ओरडते, हे होणारच. जोड्या लावा आणि बसणारीला पाठीमागे खुर्चीचा आधार द्या.

स्कार्फ बांधणाऱ्या मुलींचं काय असं तुम्ही विचारलं नाहीत पण मीच सांगते कारण नंतर ते विचारलं जाणार. स्कार्फ अडचण नाही, उलट आकार तयार मिळतो. प्रत्येकीची बांधायची पद्धत वेगळी असते, कुणाचा कपाळावर टोकदार, कुणाचा गोल, कुणाची पिन डाव्या खांद्यावर. वर्गात रोज शेजारी बसणाऱ्या मुली पाठमोऱ्या स्कार्फवरून मैत्रीण ओळखतात, म्हणजे चित्रात नक्कीच ओळखतील. आणि काही घरांत चेहरा काढलेला चालत नाही, त्यांच्यासाठी तर हा प्रकार सोयीचाच आहे, घरी आधी एकदा विचारून घ्या.

प्रश्न : ठाण्यात वर्तकनगरला माझे ड्रॉइंगचे क्लासेस आहेत. सेल्फ पोर्ट्रेट सुरू केलं की प्रत्येक मूल ‘स्किन कलर’ मागतं, म्हणजे तो फिका गुलाबी खडू. एकालाही तो रंग स्वतःचा नाहीये. सांगायला गेलं तर मुलं खट्टू होतात, पालकही. काय करावं?

तो खडू आधी डब्यातून बाजूला काढा, भाषण नंतर. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने असाच एक रंग ‘फ्लेश’ म्हणून विकला होता, त्याचं नाव त्यांनी 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं, आणि 2020 मध्ये वेगवेगळ्या कातडीच्या 24 छटांचा वेगळा सेटच काढला. आपल्याकडे मुलांच्या तोंडून ‘स्किन कलर’ अजून गेलेला नाही आणि लग्नाच्या जाहिरातीतलं गोरी-निमगोरी-गहूवर्ण तर विचारूच नका.

माझा उपाय म्हणजे जूनमध्ये वह्यांना घालतो ते ब्राउन पेपर. घरात उरलेलं असतंच. ते आणि कुरियरची खाकी पाकिटं, पुठ्ठ्याच्या खोक्यांची आतली बाजू, किराण्याच्या कागदी पिशव्या, असे आठ-दहा तुकडे टेबलावर पसरा आणि मुलांना सांगा मनगटाची आतली बाजू त्याच्याशेजारी धरून जुळवा. जुळवायचा खेळ झाला की खट्टू कुणी होत नाही, उलट ‘माझा खोक्याचा आहे, तुझा पाकिटाचा’ अशी चढाओढ लागते. जो रंग नेमका मिळत नाही तो चहाच्या पाण्याने करता येतो, साध्या ड्रॉइंग पेपरवर कोरा चहा एक हात, वाळला की दुसरा हात, दर हाताला गडद होत जातो.

पोस्टर कलर वापरणार असाल तर यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा, एवढ्यावर बरंच भागतं. गडद करायला काळा घालू देऊ नका, रंग मळकट होतो, त्याऐवजी निळ्याचा अगदी थेंब. आणि गडद चेहरा, काळे केस, वर बॅकग्राउंडही गडद निळं घेतलं तर सगळं एकमेकांत बुडतं, तेव्हा बॅकग्राउंड पिवळं, पोपटी, आकाशी असं काहीतरी उजळ निवडायला लावा. शंका आली तर चित्राचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, त्यात केस आणि चेहरा वेगळे दिसले तर रंग बरोबर बसलेत.

पालकांना काही सांगू नका. चित्र घरी गेलं की ते आपोआप बघतील.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो, सातवीत आहे. आम्हाला हे चित्र काढायला दिलंय. पण माझ्यात काहीच वेगळं नाही. चष्मा नाही, केस सगळ्यांसारखे आहेत, आणि शर्ट तर युनिफॉर्मचाच. मग मी काय काढू?

अरे, युनिफॉर्म आहे हे बरंच आहे की! सगळ्यांचा शर्ट सारखा म्हणजे शर्टावरून कुणीच ओळखू येणार नाही, मग उरलं काय ते शोधावंच लागतं. चष्मेवाल्यांचं काय, ते दोन गोल काढतात आणि मोकळे होतात.

असं कर, आरशासमोर उभा राहा आणि डोळे अगदी बारीक कर, पापण्या जवळजवळ मिटेपर्यंत. नाक-डोळे पुसट होतील आणि मोठे आकार राहतील. अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या लिऑन हार्मन नावाच्या माणसाने 1973 मध्ये अब्राहम लिंकनचा फोटो मोठमोठ्या चौकोनांत फोडून दाखवला होता, तुमच्या माइनक्राफ्टसारखा. जवळून बघितलं तर नुसते करडे चौकोन, लांब जाऊन डोळे बारीक केले की लिंकन. माणूस ओळखायला बारीक तपशील लागतातच असं नाही, मोठ्या आकारांवरही भागतं.

आता बघ, कान बाहेर येतात की केसात लपतात? मान लांब आहे की डोकं सरळ खांद्यावर बसवल्यासारखं? दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, दप्तर रोज एकाच बाजूला घेणाऱ्यांचा एक खांदा बऱ्याचदा खाली असतो. डोक्याच्या मागे भोवरा असेल तर तिथले केस उभे राहतात का, आईने तेल लावूनसुद्धा? कॉलर कायम एका बाजूने वर असते का? यातलं एक तरी तुझं असणारच. जे सापडेल ते जरासं वाढवून काढ, खोटं नाही, जरासंच.

तरी नाही सापडलं तर मित्राला विचार की प्लॅटफॉर्मवर लांबून मी येताना दिसलो तर तुला कशावरून कळतं. तो नक्की काहीतरी सांगेल, थोडं चिडवेल पण, ते काढ.

आणि हो, जर पुढे कधी नाक-डोळे असलेलं पोर्ट्रेट काढायचं झालं तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या अर्ध्यात. तुमच्या वयाची सगळी मुलं ते कपाळात काढतात.

प्रश्न : फोटो टाकला की असं चित्र आपोआप करून देणारी ॲप्स आहेत. मुलांना ती वापरू द्यावीत का? (नेरूळ)

घरी गंमत म्हणून करू देत, वर्गात नको. काय ठेवायचं आणि काय सोडायचं एवढंच तर या चित्रात करायचं असतं, ते ॲपने केलं तर मुलाकडे बटण दाबणं उरलं. शिवाय मुलाचा फोटो कुठल्या सर्व्हरवर गेला ते आपल्याला कळत नाही.

प्रश्न : चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला याचा काही उपयोग होतो का? (घोडबंदर रोडवरून एक पालक)

थेट नाही, पेपरात सेल्फ पोर्ट्रेट येत नाही. पण संकल्पचित्रात आकार सोपे करून सपाट रंगात बसवायचे असतात, तिथे हात चालेल, आणि स्मरणचित्रातली माणसं जरा माणसांसारखी उभी राहतील.